महाराष्ट्रातील बांधकाम व्यवसायाच्या कायदेशीर नियमनाचा इतिहास : सोलापूर शहराच्या विशेष संदर्भात एक अभ्यास

गोषवारा

बांधकाम व्यवसायाचे नियमन करणारे कायदे महाराष्ट्रात एकाच वेळी किंवा एकाच विचारातून निर्माण झालेले नाहीत. साथरोग, घरटंचाई, फसवणूक, भूकंप आणि इमारत दुर्घटना अशा वेगवेगळ्या प्रसंगांतून ते टप्प्याटप्प्याने आकारास आले. प्रस्तुत शोधनिबंधात इ. स. १८५२ मधील सोलापूर नगरपालिकेच्या स्थापनेपासून स्थावर संपदा अधिनियम, २०१६ व त्यानंतरच्या घडामोडींपर्यंतचा आढावा घेतला आहे. प्रत्येक टप्प्यावर कायद्याने कोणाला संरक्षण दिले आणि कोणाला बाहेर ठेवले, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. कायद्याचे लक्ष प्रामुख्याने विकणारा व घेणारा यांच्यातील करारावर केंद्रित झाले. सोलापूरसारख्या कामगारांच्या शहरातील धोके मात्र बहुतांशी त्या कराराच्या बाहेर राहिले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : बांधकाम नियमन, मोफा, रेरा, मानीव अभिहस्तांतरण, गुंठेवारी, बांधकाम कामगार, सोलापूर.

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. त्यांपैकी वस्त्र या गरजेशी सोलापूरचे नाव दीडशे वर्षांपासून जोडले गेले आहे. इ. स. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे हातमाग, यंत्रमाग आणि विडी व्यवसाय यांमुळे हे शहर कामगारांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. मात्र ज्यांनी वस्त्र विणले त्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न इतिहासलेखनात फारसा आलेला नाही. गिरण्यांचा इतिहास, संपांचा इतिहास, १९३० च्या मार्शल लॉचा इतिहास लिहिला गेला. परंतु घर कोणी बांधले, कोणत्या कायद्याखाली बांधले आणि ते कोसळले किंवा वादात सापडले तर जबाबदार कोण, हे प्रश्न वकिलांचे व अभियंत्यांचे मानले गेले.

वास्तविक पाहता कायदा हे इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. एखाद्या कायद्याची उद्देशिका वाचली असता तत्कालीन समाजाला कोणती भीती वाटत होती, हे लक्षात येते. त्याच्या व्याख्यांवरून शासनाच्या दृष्टीने 'माणूस' म्हणून कोण मोजला गेला, हे समजते. बांधकामविषयक कायद्यांत हा माणूस बदलत गेला आहे. आधी तो केवळ रहिवासी होता. पुढे तो भाडेकरू झाला, मग सदनिकाधारक, नंतर ग्राहक. या बदलाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखनाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) महाराष्ट्रातील बांधकाम नियमनाच्या प्रमुख टप्प्यांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२) प्रत्येक टप्प्यामागील सामाजिक व आर्थिक कारणे शोधणे.
३) सोलापूर शहराच्या वाढीच्या संदर्भात या कायद्यांची परिणामकारकता व मर्यादा तपासणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अधिनियमांच्या तरतुदी आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे निर्णय यांचा आधार घेतला आहे. हा अभ्यास निवासी बांधकामापुरता मर्यादित असून रस्ते, धरणे व इतर सार्वजनिक बांधकामे यांचा त्यात समावेश नाही.

विषय प्रतिपादन

१. नगरपालिकेचा काळ : आरोग्य आणि अग्निभय

१८५० च्या सव्विसाव्या अधिनियमान्वये सोलापूर नगरपालिका १८५२ मध्ये अस्तित्वात आली. या काळात बांधकामाचे नियमन म्हणजे मुख्यत्वे गटारे, रस्त्यावरील अतिक्रमणे आणि आगीचे भय यांचे नियमन होते. पेठांमधील वाडे धाब्याचे, दगड, माती व लाकूड यांचे असत. मालक स्वतः गवंडी व सुतार लावून घर बांधून घेई. बांधणारा आणि राहणारा यांच्यामध्ये विक्रेता नावाची तिसरी व्यक्ती नव्हती. त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न कायद्यासमोर आलाच नाही.

१८९६ मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगच्या साथीने हे चित्र बदलले. दाट वस्ती व कोंदट घरे हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरला. १८९७ चा साथरोग अधिनियम आणि १८९८ मध्ये स्थापन झालेला मुंबई सुधार न्यास ही त्याची फलिते होत. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमाने नवीन बांधकामाची पूर्वसूचना नगरपालिकेस देणे बंधनकारक केले. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात देशातील पहिला नगररचना अधिनियम संमत झाला. १९५४ च्या नगररचना अधिनियमाने विकास आराखड्याची संकल्पना रुजविली आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने तिला आजचे स्वरूप दिले. या अधिनियमानुसार परवानगीशिवाय केलेले बांधकाम अनधिकृत ठरते व नियोजन प्राधिकरणाला ते पाडण्याची नोटीस देता येते.

या टप्प्यातील कायद्याचा दृष्टिकोन 'इमारत' या वस्तूकडे पाहणारा होता. इमारतीत राहणाऱ्याचे हक्क हा त्याचा विषय नव्हता.

२. भाडेनियंत्रण आणि त्याचे अनपेक्षित परिणाम

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत तीव्र घरटंचाई निर्माण झाली. त्यावर उपाय म्हणून १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम लागू झाला. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानून ते गोठविण्यात आले. भाडेकरूला निष्कासनापासून संरक्षण मिळाले, ही या कायद्याची मोठी सामाजिक कामगिरी होय. गिरणी कामगाराच्या कुटुंबाला चाळीतील खोली टिकविता आली ती या कायद्यामुळेच.

परंतु या संरक्षणाची किंमत इमारतींनी मोजली. महागाई वाढत गेली आणि भाडे तेच राहिले. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना, म्हणून मालकाने दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरू मालक नसल्यामुळे त्यानेही ती केली नाही. १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी झाल्याचे मत नोंदविले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ संमत होऊन ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. मुंबई बेटावरील जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी १९६९ च्या अधिनियमाने स्वतंत्र दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ निर्माण केले आणि पुढे म्हाडा अधिनियम, १९७६ मध्ये ती व्यवस्था समाविष्ट झाली. सोलापूरच्या जुन्या पेठांतील भाडेकरूंच्या वाड्यांना अशी कोणतीही व्यवस्था मिळाली नाही. येथे उरली ती केवळ महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालील धोकादायक इमारतीची नोटीस. पावसाळ्यापूर्वी अशा नोटिसा बजावल्या जातात. नोटीस ही धोक्याची सूचना असते. पर्यायी निवाऱ्याची हमी नसते. त्यामुळे भाडेकरूला घर सोडल्यास हक्क जाण्याची भीती आणि न सोडल्यास जीव जाण्याची भीती, अशा दोन्ही भीतींमध्ये राहावे लागते.

भाडेनियंत्रणाचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी ठरला. भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे किफायतशीर राहिले नाही. बांधकामातील भांडवल विक्रीच्या घरांकडे वळले आणि 'मालकी हक्काची सदनिका' ही नवी वस्तू बाजारात आली.

३. मोफा : सदनिकाधारकाचा उदय

एका भूखंडावर एक इमारत आणि तिचे अनेक मालक, ही कल्पना पारंपरिक मालमत्ता कायद्याला नवीन होती. जमीन कोणाची, जिना कोणाचा, गच्ची कोणाची, असे प्रश्न उपस्थित झाले. प्रवर्तक पैसे घेत, परंतु ताबा देत नसत. एकच सदनिका दोघांना विकली जाई. नकाशे परस्पर बदलले जात. महाराष्ट्र राज्य स्थापन होताच २० मे १९६० च्या शासन निर्णयाने या गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी समिती नेमण्यात आली. समितीने जून १९६१ मध्ये अहवाल सादर केला. त्यातून महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियम, १९६३ म्हणजेच 'मोफा' साकार झाला. नवजात राज्याने हाती घेतलेल्या पहिल्या काही प्रश्नांत घराचा प्रश्न होता, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

मोफाच्या प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे सांगता येतील. प्रवर्तकाने जमिनीवरील आपला हक्क, मंजूर नकाशे व ताब्याची तारीख उघड करावी. किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंतची आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच लेखी करार करून त्याची नोंदणी करावी. खरेदीदारांचे पैसे स्वतंत्र खात्यात ठेवावेत. खरेदीदाराच्या संमतीशिवाय सदनिकेच्या रचनेत बदल करू नये. ताब्यानंतर तीन वर्षांत आढळलेले दोष दुरुस्त करून द्यावेत. वेळेत ताबा न दिल्यास नऊ टक्के व्याजासह रक्कम परत करावी. खरेदीदारांची सहकारी संस्था स्थापन करावी आणि जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण तिच्या नावे करून द्यावे. या कर्तव्यांचा भंग फौजदारी शिक्षेस पात्र ठरविण्यात आला. विक्रेत्याला तुरुंगाची भीती दाखविणारा हा कायदा त्या काळी धाडसी होता.

तथापि या कायद्यात एक मूलभूत उणीव होती. त्याने कर्तव्ये सांगितली, पण त्यांवर देखरेख करणारे प्राधिकरण निर्माण केले नाही. स्वतंत्र खाते उघडले आहे किंवा नाही, हे तपासणारे कोणी नव्हते. दाद मागण्यासाठी दिवाणी न्यायालय अथवा फौजदारी तक्रार एवढेच मार्ग होते. आयुष्याची पुंजी घरात गुंतविलेल्या नोकरदाराला हे दोन्ही मार्ग परवडणारे नव्हते.

४. हद्दवाढ, गुंठेवारी आणि हक्काचा प्रश्न

१ मे १९६४ रोजी सोलापूर महानगरपालिका स्थापन झाली. १९७६ च्या नागरी जमीन (कमाल धारणा व विनियमन) अधिनियमाच्या कक्षेत सोलापूर नागरी संकुलनाचाही समावेश होता. अतिरिक्त जमीन ताब्यात घेऊन ती गरिबांच्या घरांसाठी वापरावी, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात जमिनी खटल्यांत अडकल्या, बाजारातील अधिकृत भूखंडांचा पुरवठा आटला आणि मागणी शहराच्या कडेच्या शेतजमिनींकडे वळली. केंद्राने हा कायदा १९९९ मध्ये रद्द केला. महाराष्ट्राने त्याचे निरसन २९ नोव्हेंबर २००७ पासून स्वीकारले.

दरम्यान १९९२ मध्ये सोलापूरची हद्दवाढ झाली. बाळे, केगाव, देगाव, शेळगी, मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे इत्यादी गावे शहरात आली आणि महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. आजही सोलापूरकरांच्या बोलण्यात 'गावठाण' आणि 'हद्दवाढ' हे दोन स्वतंत्र प्रदेश आहेत. हद्दवाढ भागातील अनेक वसाहती मंजूर रेखांकनाशिवाय, गुंठ्या-गुंठ्याने घेतलेल्या जमिनीवर उभ्या राहिल्या. तुकडेबंदी अधिनियम, १९४७ मुळे अशा लहान तुकड्यांची रीतसर खरेदी-नोंदणी होणे कठीण होते. त्यामुळे व्यवहार साध्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर अथवा केवळ विश्वासावर झाले. यंत्रमाग कामगार, हमाल, रिक्षाचालक, लहान नोकरदार यांनी असे भूखंड घेऊन पोटाला चिमटा काढून घरे बांधली.

या घरांना मोफा लागू होत नव्हता, कारण तेथे प्रवर्तक नव्हता आणि सदनिकाही नव्हती. महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ ने १ जानेवारी २००१ पूर्वीची अशी बांधकामे शुल्क आकारून नियमित करण्याचा मार्ग खुला केला. २०२१ च्या सुधारणेने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. नियमितीकरणाचा हा मार्ग मानवतावादी आहे, यात शंका नाही. परंतु मुदत पुन्हा पुन्हा पुढे नेल्याने 'आधी बांधा, मग नियमित करून घ्या' हा संदेशही समाजात जातो. नियम पाळणारा त्यात मूर्ख ठरतो. त्याच वेळी, अधिकृत जमीन परवडत नसलेल्या कामगाराने काय करावे, या प्रश्नाला नियमांकडे उत्तर नसते. हा पेच केवळ कायद्याने सुटणारा नाही.

५. सन १९९३ : ग्राहक आणि भूकंप

बांधकाम नियमनाच्या इतिहासात १९९३ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते.

पहिले कारण न्यायिक होय. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ मध्ये १९९३ साली सुधारणा होऊन 'घरबांधणी'चा समावेश 'सेवा' या व्याख्येत झाला. ५ नोव्हेंबर १९९३ रोजी लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शासकीय प्राधिकरणालाही ग्राहक कायदा लागू असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे सदनिकाधारक 'ग्राहक' झाला आणि जिल्ह्याच्या ठिकाणीच, अल्प खर्चात दाद मागणे त्याला शक्य झाले. मोफाने दिलेल्या हक्काला या निर्णयाने दार मिळवून दिले, असे म्हणता येईल.

दुसरे कारण नैसर्गिक आपत्तीचे होय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार लोकांचा बळी गेला. त्याचे धक्के सोलापूरकरांनीही अनुभवले. मातीच्या जोडणीतील जाड दगडी भिंती व जड धाबी हीच घरे मृत्यूचे कारण ठरली. तोपर्यंत हा प्रदेश भारतीय मानकानुसार सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या भूकंपक्षेत्रात गणला जात होता. २००२ मध्ये या मानकात सुधारणा झाली, पहिले क्षेत्र रद्द झाले आणि लातूर-सोलापूर परिसर तिसऱ्या क्षेत्रात गणला गेला. अर्थात त्यापूर्वी बांधलेल्या इमारती जुन्याच गृहीतकावर उभ्या राहिल्या. संरचनात्मक सुरक्षितता हा कराराचा विषय नसून जीविताचा विषय आहे, हे किल्लारीने शिकविले. मात्र हा धडा कायद्यात उतरण्यास विलंब लागला. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्यातील शिळफाटा येथे बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. तेथे भूकंप नव्हता. नियमनाचा अभाव पुरेसा ठरला.

६. मानीव अभिहस्तांतरण : अपूर्ण मालकी

मोफाने सांगितलेल्या कर्तव्यांपैकी सर्वाधिक दुर्लक्षित कर्तव्य म्हणजे जमिनीचे अभिहस्तांतरण. संस्था स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत ते करणे नियमांनी अपेक्षित होते. प्रत्यक्षात अनेक संस्थांच्या बाबतीत ते दशकानुदशके झाले नाही. सदनिकाधारक घरपट्टी भरतो, देखभाल करतो, कर्ज फेडतो. परंतु मिळकत पत्रिकेवर अथवा सात-बारा उताऱ्यावर नाव असते मूळ मालकाचे किंवा प्रवर्तकाचे. इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ येते, तेव्हा आपल्या पायाखालची जमीन आपली नाही, हे संस्थेच्या लक्षात येते. त्या वेळी प्रवर्तकाची भागीदारी विसर्जित झालेली असते किंवा मूळ मालकाचे वारस वाढलेले असतात.

या समस्येवर २००८ च्या दुरुस्तीने उपाय दिला. प्रवर्तकाने अभिहस्तांतरण न केल्यास सक्षम प्राधिकारी म्हणून जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करून संस्थेला एकतर्फी 'मानीव अभिहस्तांतरण' मिळविता येते. विक्रेत्याच्या स्वाक्षरीवाचून मालकी देणारी ही तरतूद भारतीय मालमत्ता कायद्याच्या परंपरेत लक्षणीय आहे. तथापि कागदपत्रांची जुळवाजुळव, भोगवटा प्रमाणपत्राचा अभाव आणि सभासदांची उदासीनता यांमुळे तिचा लाभ घेणाऱ्या संस्था अपेक्षेइतक्या पुढे आलेल्या नाहीत. आपल्यापैकी अनेक प्राध्यापक अशा संस्थांचे सभासद आहेत. आपल्या संस्थेच्या नावे जमीन झाली आहे काय, हा प्रश्न पुढील वार्षिक सभेत विचारण्यास कोणत्याही संशोधनाची आवश्यकता नाही.

७. रेरा : नियामकाचे आगमन

महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतःचा गृहनिर्माण नियमन अधिनियम संमत केला होता. केंद्राच्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच 'रेरा'च्या कलम ९२ ने तो निरसित केला. मोफाचे मात्र त्या कलमाने निरसन केले नाही. रेराच्या सर्व तरतुदी १ मे २०१७ पासून अमलात आल्या आणि 'महारेरा' प्राधिकरण कार्यरत झाले.

मोफा व रेरा यांची तुलना उद्बोधक आहे. मोफात स्वतंत्र खात्याची तरतूद होती. रेराने खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवून अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्राशिवाय काढण्यास मनाई केली. करारापूर्वी घ्यावयाच्या रकमेची मर्यादा २० वरून १० टक्क्यांवर आली. दोष दुरुस्तीची मुदत तीन वरून पाच वर्षांवर गेली. नऊ टक्के व्याजाऐवजी महाराष्ट्राच्या नियमांत स्टेट बँकेच्या दराशी निगडित व्याज आले. 'सुपर बिल्ट-अप' या संदिग्ध संज्ञेऐवजी चटई क्षेत्राची वैधानिक व्याख्या मिळाली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात वा विक्री करता येणार नाही, असे बंधन आले. ६ डिसेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात या अधिनियमाची घटनात्मकता मान्य केली. २०२० मध्ये इम्पिरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रेराबरोबर ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असल्याचे सांगितले.

असे असले तरी सोलापूरच्या दृष्टीने रेराच्या दोन मर्यादा जाणवतात. पहिली म्हणजे व्याप्तीची. पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक नसलेल्या जमिनीवरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिका नसलेल्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. मध्यम शहरांत जुना बंगला अथवा वाडा पाडून त्याच जागी लहान अपार्टमेंट बांधण्याची पद्धत रूढ असल्यामुळे असे प्रकल्प सहज या मर्यादेत बसतात. दुसरी मर्यादा वसुलीची. महारेराच्या आदेशानुसार देय रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावयाची असते. म्हणजे निर्णय ऑनलाइन मिळतो, परंतु रक्कम महसूल यंत्रणेच्या गतीने मिळते. खरेदीदाराच्या दृष्टीने आदेश हा न्यायाचा आरंभ आहे, शेवट नव्हे.

८. कराराबाहेरची माणसे : बांधकाम कामगार आणि घरकुले

आतापर्यंतच्या विवेचनात एक व्यक्ती कोठेही आली नाही. ती म्हणजे प्रत्यक्ष घर बांधणारा कामगार. मोफा संमत झाल्यानंतर तेहतीस वर्षांनी, १९९६ मध्ये, इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी केंद्रीय अधिनियम आणि त्यासोबत उपकर अधिनियम संमत झाला. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून कल्याण निधी उभारण्याची ही योजना होती. महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले आणि कल्याण मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. १९ मार्च २०१८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, जमा झालेला मोठा निधी कामगारांपर्यंत पोहोचत नसल्याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागत असे. नाक्यावर रोज नव्या मुकादमाकडे काम करणाऱ्या गवंड्याने हा दाखला कोणाकडून आणावा, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या असून या अधिनियमांची जागा आता संहितांनी घेतली आहे. जुनी अडचण नव्या संहितेत सुटते काय, हे पाहावे लागेल.

सोलापूरचे वेगळेपण असे की, येथील कामगारांनी निवाऱ्याचा प्रश्न बाजाराबाहेरून सोडविण्याचा प्रयत्न केला. दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सहकारी तत्त्वावर दहा हजार घरकुलांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तेथील घरांचे हस्तांतरण झाले. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांच्या रे नगर प्रकल्पाची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी झाली आणि त्यातील पंधरा हजार घरांचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. परस्परविरोधी विचारांच्या राजवटींत हे काम पुढे गेले, यामागे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनेचे सातत्य होते. येथे खरेदीदार हाच संघटित सभासद होता. त्यामुळे नियामक येण्यापूर्वीच देखरेख करणारे डोळे उपलब्ध होते.

याउलट शहराची दुसरी बाजू १८ मे २०२५ रोजी दिसली. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यास लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. मृतांत मालक, त्याचे कुटुंबीय आणि कामगार असे सर्वच होते, कारण निवास व उद्योग एकाच इमारतीत होते. पूर्व भागातील घराघरांत माग असणे ही सोलापूरची जुनी रीत आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अस्तित्वात असतानाही, घर व कारखाना यांतील सीमारेषा पुसलेल्या अशा वास्तूंपर्यंत तो किती पोहोचतो, हा गंभीर प्रश्न आहे. येथे विक्रेता नाही, खरेदीदार नाही, करार नाही. आणि म्हणून करारावर आधारलेल्या कायद्यांना येथे स्थानच नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) महाराष्ट्रातील बांधकाम नियमन हे प्रतिक्रियात्मक स्वरूपाचे आहे. प्लेग, घरटंचाई, प्रवर्तकांचे गैरप्रकार, भूकंप व रखडलेले प्रकल्प यांनंतर प्रत्येक वेळी नवा नियम आला.

२) एका कायद्याचा परिणाम पुढच्या कायद्याचे कारण ठरला. भाडेनियंत्रणातून सदनिकेचा बाजार वाढला व त्यातून मोफाची गरज निर्माण झाली. मोफातील अंमलबजावणीच्या उणिवेतून मानीव अभिहस्तांतरण व नियामक प्राधिकरण आवश्यक ठरले.

३) १९६३ ते २०१६ या काळात खरेदीदाराचे हक्क विस्तारले. मात्र गुंठेवारीतील रहिवासी, जुन्या वाड्यातील भाडेकरू आणि बांधकाम कामगार हे या विस्ताराच्या परिघावर राहिले.

४) सोलापूरमध्ये कायदेशीर जोखीम प्रामुख्याने तीन ठिकाणी आढळते : जमिनीचा अस्पष्ट हक्क, इमारतीची न तपासलेली सुरक्षितता आणि निवास व उद्योग यांचे एकत्रित अस्तित्व.

५) संघटित सभासदत्वावर आधारलेली कामगार घरकुले ही या शहराने दिलेली पर्यायी वाट असून तिचा स्वतंत्र अभ्यास होणे आवश्यक आहे.

समारोप

प्लेगच्या काळातील कायदा इमारतीकडे पाहत होता आणि त्यात माणूस दिसत नव्हता. आजचा कायदा खरेदीदाराला पाहतो, परंतु त्याच्या नजरेतून इमारत निसटते. निदान खरेदीची नसलेली इमारत निश्चितच निसटते. ज्या वास्तूची विक्री होत नाही, तिच्यात राहणाऱ्याच्या जिवाची किंमत विक्री होणाऱ्या वास्तूतील रहिवाशापेक्षा कमी असू शकत नाही. पेठेतील वाड्याला संरचनात्मक तपासणी, भाडेकरूला परतीच्या हक्काची लेखी हमी, मागाच्या घराला अग्निसुरक्षेचे परवडणारे निकष आणि नाक्यावरील गवंड्याला विनासायास नोंदणी, या चार गोष्टी महानगरपालिका व शासन यांच्या सध्याच्या अधिकारांतही बऱ्याच अंशी साध्य होण्यासारख्या आहेत. इतिहासाने दाखविलेला क्रम दुर्घटना आधी आणि नियम नंतर असा आहे. हा क्रम उलटविणे शक्य आहे किंवा नाही, याचे उत्तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी शोधलेले बरे.